डोकी चौदा, नाव एकाचंच

नोकरीत मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलेलं वाक्य म्हणजे, "आमाले काय शिकवता गार्डसाहेब, आमी दिसभर वावरातच चालतो." वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत गार्डसाहेबच राहिलो. बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तरेला काळी सपाट जमीन संपते आणि सातपुडा एकदम समोर उभा राहतो. तिथल्या एका नाक्यावर माझी निम्मी नोकरी गेली.

संपादकांनी वाघाचे अनुभव लिहायला सांगितले होते. वाघ मी उभ्या नोकरीत दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा त्यानं मला आधी पाहिलेलं होतं. त्यात माझी बहादुरी काही नाही. तेव्हा मी लिहिणार आहे ते साध्या चालण्याबद्दल. डोंगरात चालणं सगळ्यांना येतं असं सगळ्यांनाच वाटतं, आणि आमचा निम्मा जीव त्या वाटण्यानंच खाल्ला.

आमच्या नाक्यापासून वर पठारावरच्या झऱ्यापर्यंत एक पायवाट जाते. चढ फार नाही, रमतगमत गेलं तरी अडीच तास. लोक येतात, झऱ्याचं पाणी पितात, डबे खातात, उतरतात. एवढ्याशा वाटेवर काय होणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं. मी अमडापूरचा, शेतकऱ्याच्या घरातला, चालण्याची मिजास मलाही होतीच.

एक वकीलसाहेब आले होते, घाटाखालचे. सोबत दोन लिटर पाणी. उन्हाचा दिवस होता. उतरताना शेवटच्या वळणावर खाली बसले ते आडवेच झाले. मी त्यांची पिशवी उघडली तर बाटल्या जशाच्या तशा भरलेल्या. म्हणाले, "पुढं लागलं तर असावं म्हणून ठेवलं." पाणी जपून ठेवायचं असतं ही समजूत कुठून आली कोण जाणे. पाणी पोटात असलं तर कामाचं, पाठीवर असलं तर ते नुसतं ओझं. तहान लागायच्या आधी घोटघोट पीत राहायचं, इतकं साधं आहे ते. वकीलसाहेबांना मी त्यांचंच पाणी पाजलं आणि त्यांनी मला त्याबद्दल पुन:पुन्हा धन्यवाद दिले.

दुसरे दोघं मेव्हणे-मेव्हणे होते. वाट चुकले, तेव्हा त्यांतल्या थोरल्यानं ठरवलं की नाल्यानं उतरायचं, कारण पाणी गावाकडं जातं. पाणी जातं, पण पाण्याला हातपाय मोडायची भीती नसते. सातपुड्यातला नाला मध्येच कड्यावरून खाली उडी मारतो. हे दोघं अशाच एका कोरड्या धबधब्याच्या ओठावर येऊन थांबले. खाली जाता येईना, आणि ज्या खडकावरून घसरत आले होते त्यावर परत चढता येईना. मी पोचलो तेव्हा दोघं एकमेकांकडं पाठ करून बसले होते आणि सोयरीक कोणी जमवली यावर भांडत होते. दोर टाकून वर घेतलं. वर आल्यावरही भांडण चालूच होतं.

या गोष्टी मी हसत सांगू शकतो. पुढची तशी सांगता येत नाही.

होळी होऊन गेली होती. गहू निघाला होता, लोकांना जरा उसंत होती. सुलतानपूरहून दोन जीपगाड्या सकाळी सकाळीच नाक्यावर येऊन उभ्या राहिल्या. एकाच भावकीतले लोक, बाया-माणसं मिळून चौदा. पुढारी होते नामदेवराव. साठीचे, पांढरं धोतर, अंगानं काटक, चांगली पन्नास एकर जमीन बाळगून असलेले. नाक्यावरच्या वहीत आम्ही एकाचंच नाव लिहीत असू. 'नामदेवराव व इतर तेरा.' तशीच पद्धत होती आणि मला कधी ती खटकली नव्हती.

मी नेहमीची पोपटपंची केली. चपला नकोत, बूट असले तर बरं. पाणी प्रत्येकाजवळ आपापलं हवं. कोणी मागं-पुढं होऊ नका. नामदेवरावांनी ऐकून घेतलं आणि ते वाक्य म्हटलं, जे मी वर लिहिलंय. सगळे हसले, मीही हसलो. बायांच्या पायांत चपलाच होत्या आणि पाण्याच्या बाटल्या एका पिशवीत, ती पिशवी एका तरण्या गड्याच्या खांद्यावर.

डोंगरात माणसं कशी चालवायची याचा एक नियम आहे. सगळ्यात हळू चालणारा माणूस पुढं ठेवायचा आणि वाट माहीत असलेला सगळ्यात मागं. ऐकायला उलटं वाटतं. लोकांना वाटतं तगडा माणूस पुढं हवा. पण तगडा पुढं गेला की तो थांबून दम खातो, मागचे धापा टाकत पोचतात आणि ते पोचले की हा उठून चालू लागतो. थकलेल्याला विसावा कधी मिळतच नाही, आणि मागं कोण राहिलं ते कोणाला कळत नाही.

हा नियम मी नव्या पोरांना शिकवलेला आहे. त्या दिवशी वाट दाखवायला निघालेला मी स्वतः नामदेवरावांबरोबर पुढं चालत होतो. त्यांनी माझ्या गावाची चौकशी केली, अमडापूरच्या बाजारातले दोन व्यापारी ओळखीचे निघाले, हरभऱ्यावर घाटेअळी किती पडली ते निघालं. गप्पांत पाय उचलत गेले. मागं बाया होत्या, त्यांच्याही मागं कोणी नव्हतं. मला ते माहीत होतं. पुढच्या वळणावर थांबू, असं म्हणत मी तीन वळणं पार केली.

झऱ्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिथं उंबराची गर्द सावली आहे. लोक येत गेले, बसत गेले. कोणी तोंड धुतलं, कोणी शिदोरी सोडली. मी उभा राहून बोटानं मोजलं. चौदा. मोठ्यानं म्हणालोही, "चौदा. सगळे आले."

अर्ध्या तासानं एक म्हातारा उठला. धोतर, डोक्याला पागोटं, हातात काठी. त्यानं हातावरची भाकरी संपवली, "राम राम वो," म्हणाला आणि झाडीत शिरून आपल्या बकऱ्यांना हाकारत निघून गेला.

तो खालच्या पाड्यावरचा गुराखी होता. झऱ्यावर आधीच येऊन बसला होता, या लोकांनी त्याला भाकरी-पिठलं दिलं, तो त्यांच्यात मिसळून जेवत होता. पागोटी-धोतरं सारखीच. मी त्याला मोजला होता.

मी पुन्हा मोजलं. तेरा. लोकांना कळू नये म्हणून झऱ्याच्या पलीकडं जाऊन, तोंड धुतल्यासारखं करून, तिथून परत मोजलं. तेराच.

"नामदेवराव," मी म्हणालो, "तुमच्यातलं कोण नाही?"

त्यांनी सावलीभर नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "अरुणची माय कुठी हाये?"

अरुणची माय म्हणजे त्यांची बायको. सावळ्या, ठेंगण्या, हिरव्या लुगड्यातल्या, वय पंचावन्नच्या पुढं. सकाळी नाक्यावर त्यांनी मला "गुळ-पाणी घ्या" म्हणून गुळाचा खडा दिला होता. मला चेहरा आठवला, बाकी काही आठवेना. शेवटी कोणी पाहिलं होतं? कोणी म्हणालं चढावर होती, कोणी म्हणालं आपल्यापुढंच होती. एकेकाचं ऐकलं तर ती बाई एकाच वेळी चार ठिकाणी होती.

आता उन्हाची वेळ सुरू झाली होती. मार्चमधला सातपुडा बाहेरच्याला कळत नाही. सागाची पानं गळून गेलेली असतात, वर सावली नाही आणि खाली पानांचा वीतभर थर. त्या थराखाली पायवाट पुसून जाते. पाण्याची सगळी पिशवी इथं झऱ्यावर, आणि बाई तिकडं, हातात काही नाही. अशा उन्हात दोन-तीन तास गेले की आधी डोकं दुखतं, मग घाम थांबतो, मग माणूस वेड्यासारखा भलतीकडं चालू लागतो. अशा अवस्थेत सापडलेला एक लाकूडतोड्या मी पाहिला होता, जिवंत नव्हता. आणि ते दिवस मोहाच्या फुलांचे होते. मोह पडायला लागला की अस्वलं झाडाखाली येतात. वाघ माणसाला टाळतो. अस्वलाला कमी दिसतं, ते दचकलं की सरळ अंगावर येतं.

सगळी मंडळी उठून उभी राहिली. चार दिशांना पांगून शोधायचं, असा एकच कालवा. मी ओरडलो, "जागचं कोणी हलायचं नाही." एक हरवलं तर एकच शोधायचं असतं. पांगलात की तेरा शोधावे लागतात. लोकांना हे पटत नाही, बसून राहणं म्हणजे माणूस सोडून देणं वाटतं. नामदेवराव माझ्यावर धावूनच आले. "तुमची कोनी असती तं बसले असते काय तुमी?"

त्यांच्यातल्या एकानं तेवढ्यात पाचोळा गोळा केला. काय करतो म्हणून पाहिलं तर काडी ओढत होता. "धूर केला तं तिले दिसन, आपुन कुठी हाओ थे," म्हणाला. मी त्याच्या हातावर फटका मारून काडेपेटी उडवली आणि बुटानं ती झऱ्यात ढकलली. वीतभर पाचोळा, वारा पठारावरून खाली वाहणारा, आणि बाई खाली कुठंतरी त्याच पाचोळ्यात बसलेली. धूर तिला दिसला असता हे खरं, पण त्याच्या मागोमाग काय आलं असतं ते आम्ही वणवा अडवायला जाळरेषा काढणारी माणसं जाणतो. तो गडी रागानं माझ्याकडं पाहत राहिला.

मोबाइलला रेंज नव्हती. दोन धडधाकट गडी पाणी देऊन, पायवाट सोडायची नाही अशी शपथ घालून नाक्यावर पाठवले, तिथल्या वनमजुराला माणसं घेऊन बोलवायला. बाकीच्यांना उंबराखाली बसवलं आणि मी एकटा आल्या वाटेनं उलटा निघालो.

पन्नास-साठ पावलं चाललो की थांबायचं, शिट्टी वाजवायची, हाक मारायची आणि श्वास रोखून ऐकायचं. "ओ मावशी!" मग पुढं. आमच्याकडं अनोळखी बाईला मावशीच म्हणतात, दुसरं काय म्हणणार. थेट मधल्या नाल्यापर्यंत उतरलो. काही नाही. वानरं खाकरली तेवढी.

परत चढताना वाटेच्या दोन्ही बाजू पाहत आलो. या वाटेला जागोजाग ढोरवाटा फुटतात. पायवाट आणि ढोरवाट यांतला फरक शेतकऱ्याला सांगायला गेलं की तो हसतो. त्याच्या गावात ढोरवाट म्हणजे घरची वाट. संध्याकाळी तिनं चालत राहिलं की गोठा येतो. डोंगरातली ढोरवाट तशी नसते. ढोरं चरत चरत जातात, वाटेला दहा फाटे फुटतात, आणि ती कुठं जाते तर कुठंच जात नाही. शहरातला माणूस अशा वाटेवर शिरला की घाबरून परत फिरतो. खेड्यातला माणूस शेण पाहतो आणि निर्धास्त होतो.

मोहाच्या एका मोठ्या झाडापाशी आलो. खाली फुलांचा सडा होता आणि मधोमध माती उकरलेली. ओली माती. नखांच्या रेघा. मी खाली वाकून पाहिलं, उकर सकाळचीच होती. तिथून डावीकडं एक ढोरवाट जात होती, उजवीकडं दुसरी. मी दोन्हींच्या तोंडाशी उभा राहून "ओ मावशी!" म्हणून एकेक हाक मारली. काही नाही. वेळ घालवायला नको म्हणून वर निघून आलो.

झऱ्यावर नामदेवराव एका हातानं कपाळ धरून बसले होते. मी नुसती मान हलवली. पाणी प्यालो आणि पुन्हा उतरलो. या खेपेला मोहापाशी आल्यावर डावीकडच्या ढोरवाटेनं जरा आत गेलो, मग उजवीकडच्या. उजवीकडं अंजनाची दाट झाडं आणि खडक होते. शिट्टी. "ओ मावशी!" कानात नुसता उन्हाचा घूं आवाज. थोडा वेळ मी एका मोठ्या गोट्यावर बसलो. मग उठून परत आलो.

अडीच वाजून गेले होते. खालून माणसं यायला अजून तास होता. मी उंबराखाली आलो तेव्हा बायांच्या घोळक्यातून एक बाई उठली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून आमच्याकडं पाठ करून उंबराच्या बुंध्याकडं तोंड करून उभी राहिली. नामदेवरावांच्या धाकट्या भावाची बायको, मंदाबाई. हरवलेल्या बाईची जाऊ.

"गार्डसाहेबाले सांगा," ती झाडाला म्हणाली, "थे मोहाच्या झाडापाशी बाजूले गेली होती."

बाजूले म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. बायामाणसं वाटेवर बाजूला गेली तर ते बोलून दाखवायची रीत नाही, आणि थोरल्या दिरासमोर तर नाहीच नाही. मंदाबाई उगाच दोन पावलं रेंगाळली, मग पुरुष थांबतील या लाजेनं पुढं आली, जाऊ मागून येईलच म्हणून.

मी जरा तापूनच विचारलं, "मग इथं आल्याबरोबर का नाही सांगितलं, बाई?"

ती म्हणाली, "मले दिसून नाही राह्यली होती. पन तुमी मनलं न, चौदा, सगळे आले. मले वाटलं तिकळे गोट्यामांगं असन हातपाय धुत."

बाजूला जाणाऱ्यानं आपली पिशवी किंवा काठी वाटेवर ठेवून जायची, म्हणजे मागच्याला कळतं की या पिशवीचं माणूस अजून यायचंय. डोंगरातली ही पहिली शिकवण. मी ती सकाळी सांगितली नव्हती, कारण बायांसमोर तो विषय काढायला मलाच लाज वाटली होती. आजवर कधीच सांगितली नव्हती.

मी निघालो तशी ती पुन्हा झाडाला म्हणाली, "अन् मावशी मावशी काय करता? नाव घ्या न तिचं. तीनदा घ्या. नाव घेतल्याबिगर रानात थे ओ नाही देनार."

"नाव काय?"

कोणीच बोलेना. मंदाबाईला थोरल्या दिरासमोर जावेचं नाव घ्यायचा संकोच, बाकीच्यांना ती काकू, वहिनी, अरुणची माय. सगळ्यांची मान नामदेवरावांकडं वळली. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं चारचौघांत बायकोचं नाव घेतलेलं नसावं. शेवटी ते घसा खाकरून म्हणाले, "कौसल्या." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मंदाबाईला घेऊन मी उतरलो. मोहापाशी तिनं जागा दाखवली, उजवीकडची. मी उकरलेल्या मातीकडं तिचं लक्ष जाऊ दिलं नाही. ऊन कलायला लागलं होतं आणि अस्वल परत यायची वेळ जवळ येत होती. काठी आपटत, मुद्दाम पाचोळा वाजवत अंजनांपर्यंत गेलो. तिथं उभं राहून मी हाक मारली.

"कौसल्याबाई!"

थांबलो.

"कौसल्याबाई!"

मंदाबाईनं माझी बाही धरली होती. तिला त्याचं भानही नव्हतं.

"कौसल्याबाई!"

"ओ," आवाज आला. आमच्यापासून तीस-चाळीस पावलांवर, एका पुढं आलेल्या खडकाखालून.

त्या सावलीत पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. ओठ फुटलेले, चेहरा लालबुंद, पण अंगाला घाम होता. घाम दिसला आणि माझ्या जिवात जीव आला. पाणी एकदम दिलं नाही, घोटघोट दिलं. मंदाबाईनं पदर ओला करून मानेवर ठेवला आणि आता हुंदके देत तिला शिव्या घालायला लागली.

झालं होतं ते असं. बाजूला जाऊन परत आल्या तर वाट दिसेना. शेण दिसलं. ढोरं पाण्यावर जातात, आपली माणसं पाण्यावर गेली आहेत, म्हणून ढोरांच्या मागं गेलं की आपली माणसं भेटतील, असा त्यांनी हिशेब केला. हिशेबात चूक काही नव्हती. फक्त त्या ढोरवाटेवरचं डबकं महिनाभर आधीच आटलं होतं. कोरड्या चिखलापाशी पोचल्यावर त्या घाबरल्या, तशाच आल्या पावली मागं फिरल्या आणि मोहाचं झाड झाडांतून दिसायला लागलं तिथं खडकाखाली बसल्या. पुढं एक पाऊल टाकलं नाही. हरवलेल्या माणसानं करायची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही, आणि शिकल्यासवरल्या लोकांतही ती शंभरात एखाद्याला सुचते. हरवल्यावर पाय थांबत नाहीत. त्यांनी पाय थांबवले म्हणून त्या वाचल्या.

"मावशी," मी विचारलं, "मी दोनदा इथून गेलो. माझी हाक ऐकू नाही आली?"

"आली न," त्या म्हणाल्या.

"मग ओ काऊन नाही दिली?"

"भर दुपारचं रानात एका हाकेले ओ द्याची नसते बाप्पा. चकवा असते, भुलवून नेते. तीनदा नावानं हाक आली तं माणूस, नाही तं बसून राह्यचं. माह्या मायनं सांगतलं हाये. अन् तुमी नाव कुठी घेतलं? मावशी मने. मावशी तं कोनीबी मनते."

मी प्रत्येक ठिकाणी एकच हाक मारली होती. एक हाक, एक शिट्टी, आणि पुढं. पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे.

नाक्यावर परत आलो तेव्हा सूर्य मावळतीला होता. साखर-मिठाचं पाणी पाजून त्यांना जीपमध्ये बसवलं. नामदेवराव बायकोच्या शेजारी बसले.

त्यानंतर माझ्या नाक्यावरच्या वहीत एकाचं नाव चालेनासं झालं. प्रत्येकाचं लिहायचं, आणि घरात ज्या नावानं हाक मारतात तेही. दर फाट्यावर डोकी न मोजता नावं पुकारायची, ज्याची त्यानं ओ द्यायची. लोक हसत. शाळेतली हजेरी म्हणत. एका साहेबानं विचारलंही, की एवढा वेळ काय घालवता? बाजूला जायचं झालं तर पिशवी वाटेवर ठेवा, हेही मी बायांसमोर स्पष्ट सांगू लागलो. पहिले दोन-चार महिने कानशिलं गरम व्हायची, मग सवय झाली. मी निवृत्त झाल्यावर वही पुन्हा 'व इतर'वर आली असं ऐकतो.

पण त्या संध्याकाळी जीप सुरू झाली तेव्हा एक गोष्ट झाली, ती मी आजवर घरीही सांगितलेली नाही. कौसल्याबाईंनी मला हातानं जवळ बोलावलं. मी खिडकीशी गेलो. त्या हलक्या आवाजात, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलल्या.

"दुसऱ्या बारीले तुमी त्या गोट्यावर बसून रडून राह्यले होते. मी पाह्यलं."

मी मान खाली घातली. थोडा वेळ गोट्यावर बसलो होतो, असं मी वर लिहिलंय. नुसता बसलो नव्हतो. तोंडात रुमाल कोंबून रडलो होतो. चौदा, सगळे आले, हे माझेच शब्द माझ्या कानातून जाईनात.

"लय वाटलं मले, उठून यावं," त्या म्हणाल्या. "गडीमाणूस असं रडते तं जीव तुटला माहा. पन मनलं, रडूनबी बोलावत असन थे, काय भरवसा. नाव घेतलं तवा समजलं मले, माणूस हाये म्हणून."